वळणावरचा खांब आणि बलांची बेरीज

माध्यमिक शाळांत सदिश राशींची बेरीज शिकविताना फळ्यावर बाण काढले जातात, सूत्र लिहून दिले जाते आणि विद्यार्थी ते पाठ करतात. वस्तुतः या पाठाचे उत्तम उदाहरण गावाच्या वेशीवर उभेच असते. वीजवाहिनी जेथे वळते तेथील खांब आणि त्याला मागून धरून ठेवणारा तारेचा तणावा, ज्याला लाइनमन 'स्टे' म्हणतात, हे ते उदाहरण होय.

समजा, पश्चिमेकडून आलेली वाहिनी खांबापाशी वळून पूर्वेपासून उत्तरेकडे ६० अंशांच्या दिशेने पुढे जाते. दोन्ही बाजूंच्या तारांचा एकूण ताण प्रत्येकी ३,००० न्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलोग्रॅमच्या वजनाइतका आहे. खांबावरील ओढ किती? सहा हजार, असे उत्तर हमखास येते. ते चूक आहे, कारण दोन्ही बले एका दिशेची नाहीत. दुसरी गफलत अधिक सूक्ष्म असते. वाहिनी पश्चिमेकडून 'आली' म्हणून तिचे बल पूर्वेकडे मानले जाते. परंतु तार खांबाला आपल्याकडेच ओढते, ढकलीत नाही.

म्हणून प्रत्येक बलाचे पूर्व-पश्चिम व दक्षिणोत्तर असे दोन घटक पाडावेत. पहिल्याचा घटक पश्चिमेकडे ३,००० आणि उत्तरेकडे शून्य. दुसऱ्याचा पूर्वेकडे ३,००० गुणिले ०.५, म्हणजे १,५००. उत्तरेकडे ३,००० गुणिले ०.८६६, म्हणजे सुमारे २,६००. आता समान रेषेतील घटकांची साधी बेरीज-वजाबाकी करावी. पश्चिमेकडे १,५०० व उत्तरेकडे २,६०० उरतात. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतल्यास परिणामी बल सुमारे ३,००० न्यूटन येते, आणि त्याची दिशा वायव्येच्या किंचित उत्तरेस, वळणाच्या आतल्या बाजूस असते. तणावा याच्या नेमका उलट, आग्नेयेच्या किंचित दक्षिणेस हवा. वाहिनी सरळ गेली असती तर ही बेरीज शून्य आली असती. सरळ ओळीतील मधल्या खांबांना सहसा तणावा नसतो तो याचमुळे.

ग्रामपंचायत सदस्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढे आहे. तणावा वाटेत येतो, तेव्हा त्याचे जमिनीतील टोक खांबाजवळ घ्यावे, अशी मागणी पुष्कळदा होते. तणावा तारांच्याच उंचीवर, जमिनीपासून ८ मीटरवर बांधला आहे आणि टोक ६ मीटर दूर आहे, असे धरू. त्याची लांबी १० मीटर होते. त्याच्या ताणाचा आडवा घटक ३,००० हवा, म्हणून ताण ५,००० न्यूटन आणि उभा घटक ४,००० येतो. तेच टोक २ मीटरवर आणले, तर लांबी सव्वाआठ मीटर होते, परंतु ताण १२,००० न्यूटनांच्या वर जातो व उभा घटक १२,००० होतो. हा उभा घटक खांबाला खाली दाबतो आणि जमिनीत पुरलेल्या टोकाला तितक्याच जोराने वर उपटू पाहतो. पावसाळ्यात भिजलेल्या मातीत याचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको. खांब व तणावा यांत साधारणतः ४५ अंशांचा कोन पसंत करतात आणि तो ३० अंशांहून कमी होऊ देत नाहीत, त्याचे कारण हेच.

जागेची अडचण खरी असल्यास रस्त्यापलीकडे आखूड खांब उभारून तणावा त्यावरून नेता येतो, किंवा वळणाच्या आतल्या बाजूस तिरका टेकू देता येतो. निर्णय अर्थातच वीज अभियंत्याचा.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हा खांब अवश्य दाखवावा, परंतु दुरूनच. तणाव्याला हात लावू देऊ नये. त्यात वीज उतरण्याचा संभव असतो. त्याला गुरे बांधण्याची सवयही तितकीच घातक आहे.