सावळ्या चेहऱ्यांनी शिकवलेलं

१. चूक नेहमी आपल्याच हाताची नसते. रोलच्या जमान्यात लॅबमधून लग्नाचे प्रिंट आले, की गोरा नवरदेव स्वच्छ दिसायचा, शेजारच्या सावळ्या नवरीचा चेहरा मात्र अंधारात बुडालेला. मी वर्षानुवर्षं माझ्या लायटिंगला दोष दिला. खूप उशिरा ‘शर्ली कार्ड’ कळलं. रंग जुळवण्यासाठी कोडॅक १९५०च्या दशकापासून लॅबना हे कार्ड द्यायची. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिची कांती नीट उतरली, की मशीन बरोबर! त्या कार्डावर इतर वर्णांच्या बायका यायला नव्वदचं दशक उजाडलं.

२. डिजिटलनं हा भेद पुसला नाही. अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय संशोधिकेचा चेहरा एका सॉफ्टवेअरला दिसेना. तिनं पांढरा मुखवटा चढवला, तेव्हा दिसला. २०१८ साली तिनं आणि टिमनिट गेब्रूनं चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक १ टक्क्याच्या आत, सावळ्या-काळ्या बायकांबाबत जवळजवळ ३५ टक्क्यांपर्यंत.

३. ‘जरा उजळ करा’ला आता मी नाही म्हणतो. स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या आया हे हळू आवाजात सांगायच्या आणि मी करून द्यायचो. एकदा एक मुलगी तो प्रिंट घेऊन परत आली. काउंटरवर उपडा ठेवून म्हणाली, “दादा, पाहुणे म्हणाले, फोटोतली मुलगी कुठंय?” मला उत्तर देता आलं नाही. तिचा फोटो मी पुन्हा काढला, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता. पैसे घेतले नाहीत.

४. बोललं तर बदलतं. २०२० साली परदेशातल्या भारतीय बायकांनी आवाज उठवला आणि लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं वर्णाचा पर्याय काढून टाकला. आमच्याकडच्या बायोडेटात ‘निमगोरी’ अजून आहेच.

५. मोबाइलचा ब्यूटी मोड आधी बंद करायचा. एका नातवानं आजीचा फोटो मोठा करायला आणला. सुरकुत्या गेल्या होत्या, त्यांच्यासोबत कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदणही. यंत्राला तो डाग वाटला. आजींना बोलावून घेतलं. फोटो बघून त्या म्हणाल्या, “ह्येच तर वर संगं येनार हाय, आन् ह्येच पुसलं व्हय?”

नवा फोटो काढताना त्यांनी हनुवटी स्वतःहून वर केली.