शेजारणींची रिकामी भांडी

वाचन : २ राजे ४:१-७



या महिन्यात समूहाच्या बैठकीत वाचायचा उतारा अवघ्या सात वचनांचा आहे. सारफथची विधवा, जिच्या मडक्यातले पीठ सरले नाही, ती वेगळी. ती एलियाच्या काळातली. ही अलीशाकडे आलेली विधवा आहे. तिची गोष्ट आपण ‘तेलाचा चमत्कार’ म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. या वेळी ती जरा थांबून वाचू या, कारण मुळात ती कर्जाची गोष्ट आहे.

तिचा नवरा वारला आहे. तो संदेष्ट्यांच्या मंडळीतला, देवाचे भय धरणारा माणूस होता, हे ती स्वतःच अलीशाला सांगते. तरीही तो देणे मागे ठेवून गेला, आणि आता सावकार तिच्या दोन मुलांना दास म्हणून न्यायला येणार आहे. पवित्र शास्त्र येथे एका शब्दानेही त्या माणसाला उधळ्या म्हणत नाही. आपल्याकडे मात्र कोणाच्या घरी वसुलीवाला आला की पहिला प्रश्न असतो, “पितो काय?” आजारपण, नोकरी सुटणे, घराचे अर्धवट बांधकाम, मुलाच्या शिक्षणाची फी, यांतून झालेले कर्ज आपल्याला दिसत नाही. म्हणून ज्याच्यावर कर्ज आहे तो गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्या माणसाचे कर्ज वाढत जाते.

अलीशा तिला पैसे देत नाही. तो विचारतो, तुझ्या घरात काय आहे? ती आधी म्हणते, काहीच नाही. मग आठवते, तेलाची एक कुपी आहे. मग तो जे सांगतो ते मला फार महत्त्वाचे वाटते. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडी नको, पुष्कळ आण. मग मुलांना घेऊन आत जा आणि दार लावून घे. मुले भांडी पुढे करतात, ती ओतते, सगळी भांडी भरतात आणि तेल थांबते. शेवटी अलीशा सांगतो की तेल वीक, आधी देणे फेड आणि उरेल त्यावर तू व मुले जगा. क्रम असा आहे. आपण नेमके उलटे करतो : आधी जगतो आणि उरले तर फेडतो. उरत तर कधीच नाही.

पण आजचा मुद्दा शेजारणींचा आहे. त्यांनी पैसे दिले नाहीत. कर्ज किती, कोणाचे, कशासाठी, असे विचारल्याचेही लिहिलेले नाही. घरात पडलेली रिकामी भांडी तेवढी दिली. त्यात त्यांचे काय गेले? काही नाही. तरी ती मिळाली नसती तर तेलाला जागा नव्हती. एकमेकांना कर्जातून बाहेर पडायला मदत करणे म्हणजे एकमेकांना उसने पैसे देणे, असा आपला समज आहे. म्हणूनच आपण त्या वाटेला जात नाही.

या ठिकाणी माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या मुलीचे पहिले कम्युनियन होते. घरापुढे मांडव, केटरर, तीनशे माणसांचे जेवण, व्हिडिओ. माझ्या पगारात हे बसत नव्हते. मी क्रेडिट कार्ड वापरले, कमी पडले तेव्हा एकाकडून व्याजाने घेतले, आणि हे बायकोला सांगितले नाही. चौदा महिने मी कार्डाची पाकिटे ऑफिसच्या पत्त्यावर मागवत होतो. मिस्साला जात होतो, शांतीचे चिन्ह देत होतो, आणि मनात आकडे चालू असत. शेवटी एका रात्री जपमाळ संपल्यावर आळीतल्या एका मामांपाशी बोललो. ते म्हणाले, “अरे, तुझा मांडव बघून मी माझ्या धाकट्याच्या कम्युनियनला कर्ज काढले!” आम्ही दोघे हसलो. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. घरी येऊन बायकोला सांगितले, तर तिला सहा महिन्यांपासून माहीत होते. मी सांगण्याची ती वाट पाहत होती.

मामांच्या त्या वाक्याने माझे डोळे उघडले. कर्ज माझ्या नावावर होते, पण तो खर्च मी एकट्याने ठरवलेला नव्हता. तो आळीने ठरवला होता. तीनशे माणसांचे जेवण हा कोणाचा नियम? कोणाचाच नाही. मागच्या वर्षी एका घराने केला, म्हणून पुढच्याने केला. एकट्या घराने काटछाट केली तर लोक बोलतात. तेच पाच घरांनी मिळून ठरवले की कम्युनियनला चर्चनंतर केक, एक ग्लास सरबत किंवा वाईन, आणि जेवण फक्त घरच्यांना, तर कोण कोणाला बोलणार? ही सूट शेजारीच शेजाऱ्याला देऊ शकतो. लग्नाचा बँड, सणाच्या दिवशीची पार्टी, ख्रिसमसला सगळ्यांना नवे कपडे, घराला दर दोन वर्षांनी रंग, या सगळ्याला हेच लागू आहे.

आता थोडे हिशेबाचे. हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळू नका. समजा कार्डावर ४०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. बिलावर ‘किमान देय रक्कम’ पाच टक्के म्हणजे २,००० छापलेली असते. ती भरून माणूस समाधानाने झोपतो. पण मूळ रकमेतून उतरले फक्त ३४८. दरमहा नेमाने २,००० भरले आणि कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही, तरी ४४ महिने लागतात. नुसती किमान रक्कम भरत राहिलो तर ती बाकीबरोबर कमी होत जाते आणि फेड आणखी लांबते.

अशा वेळी अलीशाचा प्रश्न विचारावा : घरात काय आहे? पुष्कळ घरांत कपाटात पाटल्या आणि गोफ असतात आणि त्याच घरात कार्डाचे बिल असते. वर्षाला १२ टक्क्यांनी सोनेतारण कर्ज मिळाले आणि त्यातून कार्ड बंद केले, तर त्याच ४०,००० वरचे महिन्याचे व्याज ४०० होते आणि महिन्याला २,००० भरून सुमारे २३ महिन्यांत सगळे फिटते. पण हे करायचे तर कार्ड कात्रीने कापूनच. नाहीतर सोनेही गहाण आणि कार्डही भरलेले, अशी गत होते. हप्ते थकले तर सोन्याचा लिलाव होतो, हेही घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. आमच्या घरी पाटल्या बायकोने स्वतः काढून दिल्या. सोडवून आणल्या तेव्हा ती म्हणाली, त्या गेल्या होत्या हे मुलींना सांगा. आम्ही सांगितले. विधवेच्या मुलांनीच भांडी उचलली होती ना?

देणेकरी अनेक असतील तर ज्याचे व्याज सर्वांत जास्त त्याला आधी, बाकीच्यांना ठरलेला हप्ता. नातेवाइकाचे बिनव्याजी पैसे लाजेखातर आधी देण्याचा मोह होतो. त्यापेक्षा त्याच्याकडे जाऊन सांगा की अमुक महिन्यापासून देईन, आणि मग तो महिना चुकवू नका. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपना तर हातच लावू नये. त्यातली काही फोनमधले सगळे नंबर उचलतात आणि तुमची बदनामी नातेवाइकांपर्यंत नेतात. बँकेचा वसुलीचा माणूस सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू लागला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तो तसे करू शकत नाही. व्याजाने पैसे देणाऱ्याकडे परवाना आहे का, हेही विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे.

ख्रिस्तसभेला हा विषय नवा नाही. इटलीतल्या पेरुजिया शहरात १४६२ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या प्रेरणेने गरिबांना तारणावर अल्प व्याजात कर्ज देणारी पेढी निघाली. अशा पेढ्यांना पाचव्या लॅटरन धर्मपरिषदेने १५१५ साली मान्यता दिली. आपल्या वसईत फादर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली सहकारी तत्त्वावर सुरू झालेली कॅथॉलिक बँक आपण सगळे रोज पाहतो, पण ती एकमेकांच्या आधारातून उभी राहिली हे विसरतो. येशूच्या अरामी बोलीत ऋण आणि पाप यांना एकच शब्द होता. मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेतही मूळ ग्रीक शब्द ऋणाचाच आहे. पापनिवेदनासाठी आपण जातो, पण ऋण मात्र लपवतो.

मग समूहाने काय करावे? तीन-चार घरांनी एकत्र यावे, फार नको. एकमेकांची रक्कम विचारायची नाही. “दार लावून घे” हे वचन त्यासाठीच आहे : हिशेब प्रत्येकाने आपल्या घरात, नवरा-बायको आणि जाणत्या मुलांसह करावा. बाहेर एवढेच सांगावे की या महिन्यात ठरल्याप्रमाणे भरले किंवा नाही भरले. नाही भरले तर कोणी उपदेश करायचा नाही. आणि या घरांनी आपसांत पैशांची देवघेव करायची नाही, जामीनही राहायचे नाही. बेनसिराच्या पुस्तकाचा २९ वा अध्याय वाचा. शेजाऱ्याला उसने द्यावे असे तो सांगतोच, पण जामिनकीने किती घरे बुडाली हेही तितक्याच रोखठोकपणे सांगतो. द्यायची ती भांडी : कम्युनियनचा फ्रॉक, शाळेची पुस्तके, मिक्सर, शिडी, लग्नाला लागणारी मोठी पातेली, दवाखान्यात सोबत, बँकेत फॉर्म भरायला बरोबर जाणे. भाजीची वाडी असलेल्याने भाजी, शिवणकाम येणाऱ्या बाईने शिवण. हे आपले आईवडील करतच होते. मधल्या काळात आपल्या हातात थोडे पैसे आले आणि मागायची लाज वाटू लागली.

समूहात बोलताना आधी हे पाहा की आपल्या आळीत कोणता खर्च सगळेच करतात आणि कोणालाच मनापासून आवडत नाही. एक तरी नक्की सापडेल. तो पुढच्या वर्षी कोण पहिला सोडणार, आणि त्या दिवशी त्याच्या घरी बाकीचे कसे वागणार, हेही तिथेच ठरवा. बैठकीला येताना प्रत्येकाने घरून एक कोरा कागद आणावा. त्यावर घरात वापराविना पडलेल्या, दुसऱ्याला देता येतील अशा वस्तू आणि आपल्याला येणारी कामे लिहावीत. कर्जाचा आकडा लिहू नये. कागद समूहाच्या प्रमुखांकडे द्यावेत. त्यांची एक यादी करून ती पुढच्या महिन्याच्या बैठकीत वाचली जाईल.