पहिली तारीख आणि हुकलेला सण

शास्त्रपाठ : २ इतिहास २९:१५-१७, ३०:१-२०

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे महामहम उत्सव बारा वर्षांनी एकदा येतो. मागील उत्सव फेब्रुवारी २०१६ मध्ये झाला. पुढील २०२८ मध्ये यावयाचा आहे. शुद्ध होऊन नव्याने आरंभ करण्याची मानवी अंतःकरणाची ओढ किती खोल आहे, हे तेथे लोटणाऱ्या जनसागरावरून दिसते. त्याच नगरीत १ सप्टेंबर १८९९ रोजी कॅथोलिक धर्मप्रांत स्थापन झाला. साध्या पहिल्या तारखेलाही दीर्घ कार्याचा आरंभ होतो.

प्रिय वाचकहो, नव्या आरंभासाठी आपण किती काळ थांबावे? इस्राएल लोकांना देवाने प्रत्येक महिन्याचा आरंभ नेमून दिला होता. त्या दिवशी कर्णे वाजत (गणना १०:१०), होमार्पणे होत, आणि पापार्पणही होई (गणना २८:११-१५). अर्थात, नव्या महिन्याच्या आनंदाबरोबर गतमहिन्याच्या पापाचाही विचार होत असे.

हिज्कीया राजाच्या कारकीर्दीत पहिल्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी मंदिराच्या शुद्धीकरणास प्रारंभ झाला. प्रथम नवे काही आत आणले नाही. आतील अमंगळ बाहेर काढून किद्रोन ओहोळात टाकले. आठव्या दिवशी काम देवडीपर्यंत पोहोचले, सोळाव्या दिवशी संपले. परंतु वल्हांडण सण चौदाव्या दिवशी असतो! तो दोन दिवसांनी हुकला. राजाने वर्षभर वाट पाहिली नाही. नियमशास्त्रातील सवलतीनुसार (गणना ९:१०-११) दुसऱ्या महिन्यात सण पाळला. पुष्कळांची शुद्धी अपुरी होती, तरी राजाने प्रार्थना केली आणि प्रभूने लोकांना बरे केले.

आपणही पहिल्या तारखेस नव्या संकल्पांची यादी करण्यापूर्वी घर झाडावे. कोणाचे देणे थकले आहे? कोणाशी अबोला आहे? कोणते दान लांबणीवर पडले आहे? त्यांपैकी एकाचा तरी निकाल त्याच दिवशी लावावा. मग पुढील योजना आखावी. मात्र ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे भान ठेवून (याकोब ४:१५). हा दिवस आपणांवर बंधन नव्हे (कलस्सै २:१६); तो केवळ एक साहाय्य आहे.

आणि पहिली तारीख हुकली तर? सोळाव्या दिवशी काम पुरे करणाऱ्यांनाही देवाने सणास बोलावले. ख्रिस्ताच्या कृपेचे दार आजच्या तारखेसही उघडे आहे.