पाऊस पडला आणि नदी उतरली

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलाला फ्लाय फिशिंगचं वेड लागलंय, म्हणून जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या हॅन्कॉक गावी गेलो आणि डेलावेअर नदीच्या पश्चिम फाट्यात ट्राउटसाठी उभे राहिलो. आदल्या रात्री खालच्या भागात धो धो पाऊस झाला होता. येताना पोर्ट जर्व्हिसपासून लागलेले सगळे ओढे गढूळ आणि फुगलेले होते. आमच्या नदीचं पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ. एवढंच नाही, तर संध्याकाळपर्यंत ते चांगलं वीतभर उतरलं. दगडांवर ओली रेघ वर राहिली आणि पाणी खाली गेलं! पावसानं नदी चढायची सोडून उतरली कशी? – एक वाचक, एडिसन

उत्तर : तुम्ही बरोबर पाहिलंत, आणि नदी उतरली ती बहुधा त्या पावसामुळेच. तुम्ही उभे होतात त्या फाट्यावर हॅन्कॉकच्या वर साधारण २९ किलोमीटरवर कॅनन्सव्हिल धरण आहे. त्याची साठवण सुमारे १२.८ टीएमसी, म्हणजे आपल्या पानशेतपेक्षा थोडी जास्त. पूर्व फाट्यावर पेपॅक्टन (सुमारे १८.७ टीएमसी) आणि आणखी खाली मिळणाऱ्या उपनदीवर नेव्हरसिंक, अशी ही तीन धरणं आहेत. तिन्ही न्यूयॉर्क शहराच्या मालकीची. त्यांचं पाणी बोगद्यांतून शहराच्या नळांना जातं.

आता डेलावेअर नदी पुढे पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि डेलावेअर या राज्यांनाही लागते. वरच्या अंगाला शहरानं पाणी उचललं, तर खालच्यांनी काय करायचं? कृष्णा-गोदावरीच्या पाणीवाटपाची भांडणं आपण ऐकत आलो, तसंच हे प्रकरण. ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. पहिला हुकूम १९३१ चा, सुधारित हुकूम १९५४ चा. त्यानुसार शहराला दिवसाला ८० कोटी गॅलन, म्हणजे साधारण ३ अब्ज लिटर पाणी उचलता येतं. पण त्या बदल्यात एक अट आहे. न्यू जर्सीतल्या मॉन्टेग्यू या ठिकाणी नदीचा प्रवाह १७५० क्युसेकच्या खाली जाऊ द्यायचा नाही. (मोठ्या दुष्काळात हा आकडा खाली आणतात.) हिशेब ठेवायला न्यायालयानं ‘रिव्हर मास्टर’ हे पद निर्माण केलं. रोज किती पाणी सोडायचं, ते त्याचं कार्यालय ठरवतं.

तुमच्या कोड्याचं उत्तर या अटीत आहे. समजा, जुलैच्या कोरड्या आठवड्यात मॉन्टेग्यूला ओढे-उपनद्यांचं मिळून ११०० क्युसेक पाणी येतंय. उरलेले ६५० क्युसेक धरणांतून सोडावे लागतात. मग खालच्या भागात पाऊस कोसळतो आणि ओढ्यांचं पाणी १७०० क्युसेकवर जातं. तूट राहिली ५० ची. धरणावर हुकूम जातो आणि विसर्ग कमी होतो. तुमच्या पायांखालचं पाणी उतरतं ते त्यामुळे.

पुणेकरांना हे उलटं वाटेल. खडकवासल्याच्या पाणलोटात पाऊस झाला की मुठेत विसर्ग वाढतो आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. तिथे धरण भरलेलं असतं आणि जास्तीचं पाणी सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. कॅनन्सव्हिल जुलैत सहसा रिकामं होत चाललेलं असतं आणि त्यातला प्रत्येक थेंब मोजून सोडायचा असतो. तेच धरण एप्रिलमध्ये बर्फ वितळून आणि पाऊस पडून तुडुंब भरलं की सांडव्यावरून वाहू लागतं. त्या दिवसांत तीही नदी मुठेसारखीच वागते : पाऊस वाढला की पाणी वाढलं.

शिवाय हा हिशेब आगाऊ करावा लागतो. हॅन्कॉकपासून मॉन्टेग्यूपर्यंत नदीचं अंतर सुमारे १३५ किलोमीटर आहे. धरणातून सोडलेलं पाणी तिथे पोचायला दोन-अडीच दिवस लागतात. त्यामुळे विसर्ग कमी-जास्त होतो तो बऱ्याचदा पडलेल्या पावसापेक्षा हवामान खात्यानं वर्तवलेल्या पावसावर. अंदाज हुकला की दोन दिवसांनी मॉन्टेग्यूला तूट दिसते, आणि मग विसर्ग वाढवून ती भरून काढावी लागते. त्यात खालच्या उपनद्यांवरच्या वीजनिर्मितीच्या धरणांतून येणारं पाणीही या बेरजेत धरलं जातं. शनिवार-रविवारी विजेची मागणी घटली की तिकडून येणारं पाणी कमी होतं आणि कॅनन्सव्हिलला हात लावावा लागतो.

प्रश्न : त्याच पत्रातला दुसरा प्रश्न. जुलैच्या उकाड्यातही पाण्यात पाच मिनिटं हात ठेवला की बोटं बधिर होत होती. हे पाणी इतकं गार कशामुळे, आणि ट्राउटला ते मानवतं का?

उत्तर : उन्हाळ्यात खोल जलाशयात पाण्याचे थर पडतात. ऊन लागून तापलेलं हलकं पाणी वर तरंगतं आणि हिवाळ्यातलं गार, जड पाणी तळाशी राहतं. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. कॅनन्सव्हिलचा विसर्ग तळाजवळच्या दारांतून होतो, म्हणून भर जुलैतही धरणाखाली दहा अंशांच्या आसपासचं पाणी वाहतं. संध्याकाळी दमट हवा या पाण्यावर टेकली की नदीवर पांढरं धुकं बसतं, तेही तुम्ही पाहिलं असेल.

ट्राउटला ते मानवतं, फार मानवतं. पाणी जितकं गार, तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो : १० अंशांना लिटरमागे साधारण ११.३ मिलिग्रॅम, २५ अंशांना जेमतेम ८.३. उलट पाणी तापलं की माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. दोन्हीकडून कोंडी होते. २० अंशांपासून ट्राउटची ओढाताण सुरू होते आणि २४-२५ अंशांना जिवावर बेततं. धरण नसलेली शेजारची बीव्हर किल नदी जुलैत या आकड्यापर्यंत तापते. मग तिथले ट्राउट झऱ्यांच्या आणि गार ओढ्यांच्या तोंडाशी गोळा होतात. अशा वेळी त्यांना गळ टाकून छळू नये, म्हणून त्या नदीचा काही भाग उन्हाळ्यात मासेमारीला बंद ठेवतात.

धरणं बांधली ती शहराच्या पाण्यासाठी, पण ती ट्राउटच्या पथ्यावर पडली. त्यातही पश्चिम फाट्याचं नशीब थोर. कॅनन्सव्हिलच्या पाणलोटात शेती आणि दुभत्या जनावरांचे गोठे जास्त. खतं-शेणातला फॉस्फरस पाण्यात उतरतो आणि शेवाळ माजतं. म्हणून शहर पिण्यासाठी पेपॅक्टनचं स्वच्छ पाणी पसंत करतं, आणि मॉन्टेग्यूची तूट भरायला कॅनन्सव्हिलचं सोडतं. त्यामुळे कोरड्या, कडक उन्हाळ्यात पश्चिम फाटा भरलेला आणि गार असतो, तर पूर्व फाटा बारीक.

यातली अडचण दोन ठिकाणी आहे. एक, तळाचं गार पाणी अमर्याद नाही. उन्हाळाभर सोडत राहिलं तर सप्टेंबरात जलाशय खाली जातो, गारवा संपतो आणि तळाचा गाळही खाली येऊ लागतो. दुसरी अडचण तुम्ही पाहिलेल्या उतरत्या पाण्याची. भरपूर गार विसर्ग असताना हॅन्कॉकच्या खाली, मुख्य नदीतही ट्राउट आरामात पसरतात. मग पाऊस पडतो, विसर्ग एकदम कापला जातो, आणि दोन दिवसांनी आकाश निवळून ऊन तापलं की उथळ पाणी झपाट्यानं गरम होतं. मासे तिथेच अडकतात. काठाजवळच्या दगडांवरचे किडे कोरडे पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्राउन ट्राउट वाळूखड्यांत अंडी घालतात. तेव्हा असं झालं तर अंडीच उघड्यावर येतात.

हे धक्के कमी व्हावेत म्हणून स्थानिक गळवाल्यांनी आणि नदीप्रेमी संस्थांनी बरीच वर्षं पाठपुरावा केला. २००७ पासून न्यूयॉर्क शहर आणि चारही राज्यांनी एक लवचिक पद्धत मान्य केली आहे : जलाशयात साठा जास्त असेल तर किमान विसर्गही जास्त. २०१७ च्या करारात काही पाणी खास उष्णतेच्या दिवसांसाठी राखून ठेवलं गेलं. हॅन्कॉकच्या खाली लॉर्डव्हिल इथं पाणी २४ अंशांच्या वर जाण्याची चिन्हं दिसली की ते सोडता येतं.

प्रश्न : हिमाचलात कुलूकडे ट्राउट धरायला जायचा बेत आहे. तिथेही असंच असतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तिथलं गणित वेगळं. बियास, तीर्थन, सैंज, उहल या नद्या बर्फाच्या पाण्यावर चालतात. गारव्याची चिंता कमी, पण बर्फ वितळू लागला आणि पावसाळा आला की पाणी राखाडी-गढूळ होतं. धरणांचं कामही निराळं. बरोटला उहल नदीचं पाणी १९३२ पासून बोगद्यानं जोगिंदरनगरच्या शानन वीजघराकडे नेतात. अशा प्रकल्पांत बांधाच्या खालचा नदीचा तुकडा आटतो, आणि विजेसाठी अडवलेलं पाणी मध्येच एकदम सोडलं जातं. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून असंच सोडलेलं पाणी आलं आणि बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. तेव्हा परवाना काढताना मत्स्य खात्याच्या माणसाला वरच्या धरणाची वेळ विचाराच. आणि १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटची मासेमारी बंद असते.

प्रश्न : मग नदीवर जाण्याआधी काय बघावं? – दोघाही वाचकांचा

उत्तर : अमेरिकेत भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या मोजणी केंद्रांचे आकडे सर्वांना खुले असतात. पश्चिम फाट्यासाठी हेल एडी, मुख्य नदीसाठी लॉर्डव्हिल आणि बीव्हर किलसाठी कुक्स फॉल्स. आलेखाचा आकार वाचायला शिका. पावसानं चढलेली नदी एकदम उसळते आणि मग दोन-तीन दिवस हळूहळू उतरते. धरणानं बदललेली नदी सरळ पायरी घेते, वर किंवा खाली, आणि मग सपाट राहते. कुक्स फॉल्सला उसळी आणि हेल एडीला खाली जाणारी पायरी एकाच आठवड्यात दिसली, तर समजायचं की खाली पाऊस झाला आणि धरणानं हात आखडला. अशा वेळी लॉर्डव्हिलला न जाता धरणाच्या जवळ सरका, तिथे पाणी कमी असलं तरी गार असतं. पायरी वर जात असेल तर पात्राच्या मधोमध उभं राहू नका. खिशात थर्मामीटर ठेवा आणि पारा २० अंशांवर गेला की गळ गुंडाळून काठावर या.