परगावची जुनी गाडी : आधी कागद, मग बयाणा

कळवणच्या आम्हा कापडवाल्यांचे सुरतेला जाणे-येणे असते. तिकडची जुनी गाडी स्वस्त दिसली की मन भुलते. थान आपण उलगडूनच घेतो, तसाच चासी व इंजिनचा नंबर आर.सी.शी स्वतः ताडावा. बँकेचा बोजा असल्यास बँकेचा दाखला व फॉर्म ३५ पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. गाडी गुजरातची, म्हणून तिथल्या आर.टी.ओ.ची ना-हरकत, फॉर्म २८, लागतेच. तिचा अर्ज जुन्या मालकानेच करायचा असतो. पूर्ण रक्कम पोचल्यावर हेलपाटे कोण घालणार? शिवाय इथला रोड टॅक्स भरावा लागतो, त्यात स्वस्ताई बरीच विरते. फॉर्म २९ व ३० वर सही समोरच घ्यावी. विमा नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यावा, नाहीतर अपघातात आपल्याच गाडीचा क्लेम अडतो.