तांदळाची शेकपिशवी

शेक घ्यायचा म्हटला की आपल्याकडे चुलीत वीट तापवतात, नाहीतर मिठाची पुरचुंडी करतात. वीट चटका देते, मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते. म्हणून आम्ही घरी तांदळाची पिशवी शिवली.

माझ्या ताईला सिकलसेल आहे. थंडी पडली की तिचे गुडघे न् मनगटं ठणकतात. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडीने त्या वाहिन्या आणखी आक्रसतात, उबेने सैल होतात. शेकाने आजार बरा होत नाही, पण हलके दुखणे सोसवते. चंद्रपूर-गडचिरोलीत कितीतरी घरांत हा आजार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कापड निव्वळ सुती हवे. जुन्या लुगड्याचा धड तुकडा दुहेरी करून घ्यावा. टेरिकॉट चालत नाही. ओळखायचे कसे? एक धागा काढून मोठ्या माणसांसमोर काडीने पेटवा. सुताची कागदासारखी राख होते. टेरिलिन वितळून त्याची कडक गोळी होते. असे वितळलेले कापड कातडीला चिकटले तर?

दोन वीत लांब, एक वीत रुंद कापड मधोमध दुमडा आणि दोन्ही बाजू उलट्या टिपेने शिवा, म्हणजे प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे नेऊन पुढे काढायची. नुसता धावदोरा तांदळाच्या वजनाने उसवतो. मग पिशवी उलटवून अर्धा किलो तांदूळ भरा. गच्च भरू नका, ती गुडघ्यावर लपेटली पाहिजे. कणी नको, तिची पूड गळते. जाडा, अख्खा तांदूळ बरा. एचएमटी द्यायला आजी तयारच नव्हती. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली शेतात वेगळ्या लोंब्या हेरून पुढे ही जात तयार केली. असा तांदूळ ताटात शोभतो, गुडघ्यावर नाही, असे आजीचे म्हणणे!

वासासाठी मूठभर ओवा आणि सावलीत वाळवलेली निर्गुडीची पाने चुरून घातली. ओव्याचा तो झणझणीत वास थायमॉल नावाच्या द्रव्याचा असतो. वासाने दुखणे जात नाही. ताईला तो आवडतो, एवढेच. अत्तर किंवा तेल मात्र शिंपडू नका, तापवताना पेट घेते.

चंद्रपूरला मामाकडे मायक्रोवेव्ह आहे. कोरड्या दिसणाऱ्या तांदळातही थोडे पाणी असते, त्या लहरींनी ते तापते आणि दाणा गरम होतो. तिथली पिशवी तोंड शिवून बंद केलेली आहे. शेजारी पाण्याचा कप ठेवून मामी ती अर्धा-अर्धा मिनिट तापवते आणि दर वेळी हलवून पाहते. धातूचे बटन, चेन, जरीचा धागा तिला लावायचा नाही, ठिणग्या उडतात.

आमच्या घरी चूल. म्हणून आमच्या पिशवीच्या तोंडाला नाडी आहे. आई तांदूळ कढईत मंद आचेवर परतते, रंग बदलायच्या आत उतरवते, ओवा-निर्गुडी मिसळून पिशवीत ओतते. ऊब वीस-पंचवीस मिनिटे राहते. आजी दर वेळी बजावते, "आधी आपल्या मनगटाले लावून पाय, मंग तिच्या गुडघ्याले लाव."

तान्ह्या बाळाला, झोपलेल्या माणसाला, साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेल्याला हा शेक देऊ नये. भाजलेले त्यांना कळत नाही. सिकलसेलच्या माणसाला बर्फ तर लावूच नये. पाणी भरपूर द्यावे. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे यांपैकी काहीही दिसले, की पिशवी बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. पालकांनी घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासून घ्यावे, दुखत नसले तरी.

पिशवी धुवायची नाही, तांदळाला बुरशी येते. वरून वेगळी खोळ घालावी, तीच धुवावी. करपट वास आला की तांदूळ बदलावे, जुने शिजवू नयेत. आणि पिशवी झाकणाच्या डब्यातच ठेवावी, नाहीतर ताईच्या आधी उंदरांना सापडते.