६५० अँपिअरला १००० चा शंट कशाला?

प्रश्न: आमच्या निकेल प्लेटिंगच्या कारखान्यात १२ व्होल्टच्या रेक्टिफायरवर दिवसभर ६५० अँपिअर करंट चालतो. जुना शंट बदलायचा आहे. दुकानदार १००० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा घ्या म्हणतो. एवढा मोठा कशाला? (एक वाचक, भोसरी)

उत्तर: दुकानदाराचं ऐका, तो बरोबर सांगतोय. शंटवर लिहिलेल्या आकड्यांचा अर्थ इतकाच, की १००० अँपिअर वाहिले तर त्याच्या दोन टोकांत ७५ मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे रोध फक्त ७५ मायक्रोओहम. पण पूर्ण करंटला तेवढ्याशा पट्टीत ७५ वॅट उष्णता तयार होते. म्हणून सतत चालणारा करंट शंटच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशांत ठेवतात. तुमच्या ६५० अँपिअरला साधारण ३२ वॅटच होतील. ६५० चाच शंट घेतलात, तर त्याच करंटला जवळपास ४९ वॅट, तेही लहान अंगात.

उष्णतेची एवढी काळजी का? शंटच्या पट्ट्या मँगनिनच्या असतात: तांबं सुमारे ८४ टक्के, मँगनीज १२ आणि निकेल ४. तांब्याचा रोध दर दहा अंशांना जवळपास चार टक्के वाढतो, मँगनिनचा जवळजवळ बदलत नाही. मात्र तापमान साधारण १४० अंशांपलीकडे गेलं, तर मँगनिनचाही रोध कायमचा बदलू शकतो. मग शंट गार झाल्यावरही आकडा चुकतच राहतो, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून पट्ट्या उभ्या राहतील असा शंट बसवा, मधून हवा खेळली पाहिजे.

मीटरही ७५ मिलिव्होल्टचाच हवा. ६० चा लावलात तर ६५० अँपिअरला तो ८१२ दाखवेल. ऑपरेटर करंट कमी करेल, आणि निकेलचा थर पातळ बसेल. थर करंट आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरतो, त्यामुळे ही चूक थेट मालात उतरते.

आता जोडणी. मोठे बोल्ट बसबारसाठी, आतले छोटे स्क्रू मीटरच्या वायरींसाठी. मीटरची वायर मोठ्या बोल्टखाली दाबू नका. तिथे काजळी, गंज किंवा सैलपणामुळे १० मायक्रोओहम जरी वाढले, तरी ७५ चे ८५ होतात. मीटर १३ टक्के जास्त दाखवतो. वायरींना पीळ द्या आणि मीटरसोबत आलेल्या वायरी कापू नका, त्यांचा रोध हिशेबात धरलेला असतो.

बारा व्होल्टला धोका कमी. पण ४४० व्होल्टच्या डीसी ड्राइव्हमध्ये शंट पॉझिटिव्ह बाजूला असेल, तर मीटरच्या वायरींवरही तोच व्होल्टेज येतो. तिथे आयसोलेशनवाला ट्रान्सड्यूसर लावा.

शंट घेताना आधी सतत चालणारा करंट बघा, मग मिलिव्होल्ट जुळवा. बसवताना बसबारचे तोंड घासून स्वच्छ करा आणि बोल्ट घट्ट आवळा.